नानांची रजा

आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलत. भांडण नसलं तरी बोलणं भांडणासारखं ऐकू यायचं, आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा दारातच थबकायचा. कारण साधं होतं. सुरतेतल्या लिंबायतच्या ज्या गल्लीत आम्ही राहायचो, तिच्या दोन्ही टोकांना लूमची खाती होती. खातं म्हणजे कापड विणायचा लहानसा कारखाना, आणि आतले माग म्हणजे संचे. हे संचे दिवसपाळी नि रातपाळी मिळून जवळजवळ अखंड चालत. त्यांची खटखट भिंतीतून घरात यायची, फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांना टेकले की बारीक किणकिणत राहायचे, आणि माय दिवसातून एकदा तरी ते हाताने वेगळे करून ठेवायची. आम्हा भावंडांना त्या आवाजाचं काही वाटत नसे. उलट वीज गेली आणि खाती एकदम बंद पडली, की गल्लीतली तान्ही पोरं दचकून जागी होत आणि रडायला लागत. शांततेची भीती वाटणारी माणसं मी नंतर कुठे पाहिली नाहीत.

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, त्यांतल्याच एका खात्यात संचे चालवत. खानदेशातून ते कोवळ्या वयात सुरतेला आले आणि इथलेच झाले. संच्यांनी त्यांचे कान हळूहळू कमी केले होते. त्यामुळे घरात त्यांच्याशी बोलायचं तर पोटातून आवाज काढावा लागे, आणि ते स्वतः तर खात्यात बोलतात तसंच घरी बोलत. त्यांना दोन गोष्टी मनापासून आवडत. एक मायच्या हातची, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, आणि दुसरी लाल बावट्याची सभा. सभेतून ते पातळ पातळ पुस्तिका आणायचे, रात्रपाळी नसली की दिव्याखाली बोट ठेवून वाचायचे, आणि वाचलेलं दुसऱ्या दिवशी आम्हाला सांगायचे. त्या सगळ्या सांगण्याचा गाभा एकच असे. माणूस मुळात चांगला आहे. त्याला वाईट केलंय ते शेठनं, भुकेनं आणि बारा तासांच्या पाळीनं. हे तीन काढून घ्या, मग पाहा माणूस.

दुसऱ्या बाजूला होता जगनमामा. मायचा धाकटा भाऊ. तोही नानांच्याच मागोमाग सुरतेला आला होता, काही महिने त्यांच्याच खात्यात संच्यावर उभा राहिला, आणि मग एक दिवस म्हणाला, हे आपलं काम नाही. साड्यांना लावायच्या लेसपट्ट्यांचं दुकान त्याने टाकलं. आधी हातगाडीवर, मग जिन्याखाली, मग खरोखरचं शटर असलेलं. मामाचं गुजराती ऐकून मूळ सुरती माणूससुद्धा फसायचा. त्याचंही तत्त्वज्ञान होतं, आणि तेही तितकंच छोटं. माणूस मुळात लोभी आहे. त्याला त्याचा लोभ करू द्या, सरकारनं मध्ये हात घालू नये, ज्याला जे विकायचं ते विकू द्या, ज्याला जे घ्यायचं ते घेऊ द्या. जग त्यावरच चाललंय.

खात्याला आठवड्यातून एक दिवस विजेची सुट्टी असे. त्या दिवशी मामा आमच्याकडे जेवायला यायचा, आणि तो दिवस म्हणजे आमच्याकडचा वादाचा दिवस. माय शेवभाजी करायची. रश्श्यावर लाल तर्री आलेली, शेव वेगळ्या ताटलीत, कारण आधीच टाकली तर ती विरघळते आणि मामा रुसतो. उन्हाळ्यात गच्चीवर वाळायला घातलेले ज्वारीचे बिबडे भाजून यायचे. थंडीत मामा बाजारातून पोंक आणायचा, म्हणजे आपला हुरडा, त्यावर लिंबू नि बारीक शेव. तोंडात तो कोवळा दाणा आणि कानावर हे दोघे, अशी माझी लहानपणची आठवण आहे.

"या, जगनशेठ," नाना म्हणायचे, "किती लोकांना टोप्या घातल्या या आठवड्यात?"

"तुमच्या बावट्यापेक्षा कमीच, कॉम्रेड दाजी," मामा चपला काढता काढता म्हणायचा. "आम्ही निदान बदल्यात लेस तरी देतो."

गल्लीत कॉर्पोरेशनचा एकच नळ होता, त्याची गोष्ट मला अजून हसवते. पाण्यावरून रोज भांडणं व्हायची म्हणून नानांनी पुढाकार घेतला. म्हणाले, माणसावर विश्वास टाकला की तो आपोआप नंबर पाळतो. पहिले काही दिवस लोकांनी खरंच नंबर पाळला. मग कोणाचा हंडा मोठा निघाला, म्हणून नानांनी हंड्याचं माप ठरवलं. मग रांग कुठून सुरू व्हायची ते ठरवलं. मग ज्याच्या घरी पाहुणा आहे त्याने आदल्या दिवशी सांगायचं, असं ठरवलं. शेवटी शेवटी तर पहाटे नाना गळ्यात शिट्टी अडकवून नळाशी उभे असायचे. शेजारच्या गल्लीतून मामा दात घासत आमच्या गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि सगळ्यांदेखत विचारायचा, "दाजी, चांगल्या माणसांना शिट्टी कशाला लागते हो?"

पण मामाचीही पाळी आली. त्याचं म्हणणं असायचं, ज्याला पाणी पाहिजे तो लवकर उठेल, त्यात नियम कसले. एकदा त्याच्या गल्लीतल्या शेजाऱ्याने खरोखरच सगळ्यांच्या आधी उठून तिथल्या नळाला रबरी पाइप जोडला आणि स्वतःचे पिंप भरून घेतले. मामाच्या घरी त्या दिवशी आंघोळी झाल्या नाहीत. सकाळीच मामा समाजाच्या वडीलधाऱ्यांकडे तक्रार घेऊन गेला, काही नियम पाहिजे का नको, म्हणून. नानांना हे कळल्यावर त्यांनी पुढच्या सुट्टीपर्यंत वाट पाहिली, मामाच्या ताटात भाकरी पडू दिली, आणि मग शांतपणे म्हणाले, "जगन, तो बिचारा तर लवकर उठला होता."

माय हसत नसे. ती म्हणायची, "तुम्हीन दोन्ही आते जेवाले बठा. भाकर थंडी हुई गयी." मायचं घरातलं बोलणं शेवटपर्यंत अहिराणीच राहिलं. सुरतेत तिने इतकी वर्षं काढली, पण गुजराती तिने भाजीवाल्यापुरतं घेतलं आणि हिंदी डॉक्टरपुरतं.

हल्ली आमच्या घरच्यांचा फोनवर एक ग्रुप आहे. माझा मुलगा आणि मामाचा नातू त्यात निवडणुकीच्या दिवसांत एकमेकांवर तुटून पडतात. वाचताना मला गंमत वाटते, कारण मुद्दे तेच आहेत, फक्त लांब लांब झाले आहेत. एक म्हणतो माणसाला मोकळं सोडा, आणि लगेच खाली लिहितो की अमक्यांनी काय खावं नि कोणाशी लग्न करावं हे कायद्याने ठरवलं पाहिजे. दुसरा म्हणतो माणसावर विश्वास ठेवा, आणि त्याच्याशी न पटणाऱ्याला ग्रुपमधून काढून टाकतो. त्यांना एका भाजीच्या पातेल्याभोवती बसून जेवावं लागत नाही, एवढाच मला फरक दिसतो.

मी बारावी झाले ती म्युनिसिपालटीच्या मराठी शाळेतल्या पायावर. आमच्या शाळेत दीक्षित बाई होत्या. पुण्याकडच्या, नवरा बँकेत, राहायला नदीपलीकडे. त्या रोज तापीवरचा पूल ओलांडून आमच्या धुळीच्या वस्तीत शिकवायला यायच्या आणि पांढरी साडी तशीच पांढरी घेऊन परत जायच्या. सातवीनंतर मी त्यांच्या शाळेत नव्हते, तरी त्या माझी चौकशी करत. निकालानंतर मी पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "कल्पना, पुढे काय?"

मी म्हटलं, "माहीत नाही, बाई."

"तुझ्या घरी इतकं राजकारण चालतं म्हणतेस. मग राज्यशास्त्र घे. आमच्याकडे पलीकडे चांगलं कॉलेज आहे. गुजरातीत शिकवतात, पण तू शिकशील."

मी त्या दिवशी घरी चालत आले की उडत आले, मला सांगता येणार नाही. घरात चालतं ते सगळं शिकवण्याचा एक विषय असतो आणि त्याला नाव असतं, हेच मला नवीन होतं. आमच्या घरात तोपर्यंत कोणी कॉलेजचं फाटकही पाहिलेलं नव्हतं. मला वाटलं, नाना तर आनंदाने उडीच मारतील. मुली शिकल्या पाहिजेत, हे वाक्य मी त्यांच्याच तोंडून सभेत ऐकलं होतं. आणि मामा? त्याचं तर म्हणणंच होतं की ज्याला जे घ्यायचं ते घेऊ द्या. मला राज्यशास्त्र घ्यायचं होतं.

सुट्टीच्या दिवशी जेवताना मी विषय काढला. संचे बंद होते, त्यामुळे माझा आवाज मलाच फार मोठा वाटला. नानांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटातच ठेवला.

"पुलाच्या पलीकडे?" ते म्हणाले.

"हो. बस जाते."

"पलीकडे आपलं कोणी नाही, बेटा. इकडेच काही बघू. घरी बसून परीक्षा देता येते म्हणतात."

"नाना, तुम्हीच तर म्हणता माणूस मुळात चांगला असतो."

"माणूस चांगला असतो," नाना म्हणाले, "पण रस्ता चांगला नसतो. आणि चळवळीतल्या माणसाच्या घराकडे लोक जरा जास्तच बघतात. उद्या कोणी काही बोललं, तर मी सभेत कोणत्या तोंडानं उभा राहू?"

मी मामाकडे पाहिलं. मामा शेव कुस्करत होता. मला वाटलं, आता हा नानांना टोला देणार.

"दाजी बरोबर बोलताहेत," मामा म्हणाला.

मामाच्या तोंडून हे वाक्य यापूर्वी कधी निघालं नव्हतं.

"मामा, तू तर म्हणतोस मोकळं सोडा."

"अगं, तो धंदा झाला. बजार वेगळा, घर वेगळं. घर मोकळं सोडलं तर बजार उभा कोणाच्या जिवावर राहील? समाजात दहा लोक विचारतात, भाची काय करते. घरी बस, साडीला टिकल्या लावायचं काम मी तुला देतो, स्वतःच्या पायावर उभी राहा. तेही स्वातंत्र्यच आहे ना?"

नाना मान हलवत होते. दोघांनी एकाच वेळी भाजीत भाकरी बुडवली. चुलीशी बसलेली माय उठली, दोघांच्या मधोमध पातेलं ठेवलं आणि म्हणाली, "आखी जिंदगी एकमेकनं ऐकं नही. आज एक व्हयनात, ते मनी पोरना पाय बांधाले."

आयुष्यभर एकमेकांचं ऐकलं नाही, आज एक झाले ते माझ्या पोरीचे पाय बांधायला. मामा शेव न संपवता गेला. नाना ओट्यावर जाऊन बसले, पुस्तिका उघडली, आणि बराच वेळ पान उलटलं नाही. पण 'नाही' ते 'नाही'च राहिलं. नानांची एक खोड होती, सभेत एकदा ठराव झाला की तो फिरवायचा नाही. घरातही तसंच. त्यांनी तोंडातून काढलेला शब्द मागे घेतलेला मी पाहिला नव्हता.

तरी दीक्षित बाई मला म्हणाल्या, विचारून यायला काय हरकत आहे, आणि स्वतः मला कॉलेजात घेऊन गेल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा एवढी मोठी गुलमोहराची झाडं ओळीने पाहिली. प्रवेशाचं बघणाऱ्या एक मॅडम होत्या, गुजराती, गोल चेहऱ्याच्या, भराभर बोलणाऱ्या. दीक्षित बाईंना बाहेर त्यांच्या ओळखीचं कोणी भेटलं, त्या बोलत उभ्या राहिल्या, आणि मी एकटीच आत गेले. मॅडमनी माझे मार्क पाहिले, हसल्या, पत्ता पाहिला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "बेटा, बहु दूरथी आववानुं छे. पप्पानी रजा जोईशे. पप्पानी रजा लईने आवजे."

फार लांबून यायचं आहे, हे मला कळलं. पुढचंही कळलं असं मला वाटलं. पप्पांची रजा पाहिजे. म्हणजे वडिलांनी खात्यातून रजा काढून इथे आलं पाहिजे. मराठीत रजा म्हणजे रजा. खात्यातही रजा म्हणजे रजाच. आमच्या मराठी शाळेत, मराठी गल्लीत, मराठी खात्याच्या शेजारी वाढलेल्या मला त्या शब्दाला दुसरं काही अंग असेल असं स्वप्नातही आलं नाही. मी मान हलवली आणि बाहेर आले. बाईंनी विचारलं, काय म्हणाल्या? मी म्हटलं, नानांची रजा पाहिजे. बाई म्हणाल्या, ते तर लागणारच. त्या इतकी वर्षं गुजराती वस्तीत राहिलेल्या, त्यांना तो शब्द गुजरातीच ऐकू आला असणार. एकाच शब्दाचे दोन अर्थ घेऊन आम्ही दोघी एकाच बसने परत आलो.

वाटेत मला रडू येत होतं. कारण आमच्या घरात रजा हा फार जड शब्द होता. चालते संचे दुसऱ्याच्या हाती देणं नानांना सहन होत नसे. सुताची तार तुटली की ती कोणी कशी सांधेल, कापडात डाग पडेल का, हे सगळं त्यांच्या डोक्यात चालू राही. रजा त्यांनी घ्यावी ती कोणी गेलं तर, नाहीतर मोर्चाला. ज्या कॉलेजाला त्यांनी नाही म्हटलं होतं, त्यासाठी ते रजा कशी काढतील? परवानगी मागायची असती तर मी निदान मायला पुढे केलं असतं. रजा मागायला मला तोंड नव्हतं.

पुढच्या सुट्टीला मामा परत आला. रुसवा त्याला आठवडाभर पुरत असे, त्याहून जास्त नाही. जेवणं चालू असताना मी धीर केला.

"नाना, मी दीक्षित बाईंबरोबर कॉलेजात जाऊन आले."

कोणी वर पाहिलं नाही.

"तिथे तुमची रजा मागितलीय."

नानांचा घास हातातच राहिला. "काय मागितलंय?"

मला वाटलं ऐकू आलं नाही. मी ओरडून सांगितलं, "रजा."

"नेमकं काय म्हणाल्या त्या? जसं म्हणाल्या तसं सांग."

मी ते गुजराती वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं. पप्पानी रजा लईने आवजे. मामाने खदखदून हसायला सुरुवात केली. "अगं वेडे," तो म्हणाला, "रजा म्हणजे..."

"जगन," नाना म्हणाले, "भाकर खा."

"अहो पण दाजी, तिला..."

"भाकर खा म्हटलं ना."

मामाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि खरोखरच खाली मान घालून भाकर खायला लागला. मला वाटलं, हा त्यांच्या नेहमीच्या टोल्यांपैकीच एखादा असेल. नानांनी मला विचारलं, "कधी बोलावलंय?" मी सांगितलं. ते बरं म्हणाले, पाणी प्यायले, आणि ओट्यावर जाऊन बसले. माय चुलीपुढे होती तिथून तिने नानांच्या पाठीकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने ती मला हळूच म्हणाली, "तुना नानाना पांढरा सदरा काढी ठेव."

तो पांढरा सदरा मोर्चाचा होता. एका खिशावर लाल रंगाचा पुसट डाग, बावटा खांद्यावर घेताना उतरलेला. नानांनी तो घातला, केसांना तेल लावलं, वर टोपी घातली, आणि ज्या वेळी ते रोज खात्याकडे वळायचे त्या वेळी त्या दिवशी माझ्याबरोबर बसच्या थांब्याकडे वळले. खात्यातला मास्टर, म्हणजे मुकादम, रस्त्यात भेटला. "काय, नाना, कोण गेलं?" त्याने विचारलं. "कोणी गेलं नाही," नाना खात्यातल्या आवाजात म्हणाले, "पोरगी कॉलेजात चाललीय." रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मी लाजेने खाली पाहिलं. आज वाटतं, वर पाहायला हवं होतं.

बस पुलावर आली तेव्हा नाना खिडकीकडे सरकले. तापीचं पाणी उन्हात पसरलेलं होतं. ते म्हणाले, "केवढी रुंद आहे गं." इतकी वर्षं सुरतेत राहून दिवसाउजेडी त्यांनी नदी धड पाहिली नव्हती. पलीकडे उतरल्यावर त्यांनी कोपऱ्यावरच्या गाडीवर मला हरभऱ्याच्या डाळीचा गरम लोचो खाऊ घातला, वर कच्चा कांदा आणि तेल. स्वतः खाल्लं नाही. म्हणाले, "माझं पोट आज भरलेलं आहे."

मॅडमनी मला ओळखलं. "रजा लई आवी, बेटा?" त्यांनी विचारलं.

मी काही बोलायच्या आत नाना पुढे झाले. टोपी काढून हातात घेतली. त्यांचं गुजराती साधं, खात्यातलं होतं. "हा, बेन," ते म्हणाले, "आखा दिवसनी रजा लईने आव्यो छुं."

पूर्ण दिवसाची रजा घेऊन आलोय. मॅडम आधी गोंधळल्या, मग हसल्या, आणि समजावून सांगू लागल्या. नाही नाही, खात्यातली रजा नाही, तुमची रजा, म्हणजे तुमची परवानगी, तुमचा होकार आहे ना एवढंच विचारायचं होतं, उगाच तुमचा दिवस मोडला. त्या बोलत होत्या आणि मला एकेक शब्द कळत होता. इतका वेळ मला ज्याची भीती वाटत होती तोच प्रश्न, आणि तो मीच माझ्या अज्ञानाने नानांना इथवर आणून त्यांच्यासमोर उभा केला होता. आता नानांना कळणार की रजा काढायची गरजच नव्हती. त्यांचा ठराव झालेला होता. ते मला हाताला धरून घरी नेणार, आणि मला बोलायला तोंडही राहणार नाही.

नानांनी मॅडमचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हुं तो अहीं ऊभो छुं ने, बेन."

मी तर इथे उभा आहे ना. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. त्या मला पुढची माहिती सांगायला लागल्या.

निघताना नानांना वर्ग पाहायचा होता. एक वर्ग रिकामा होता. ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले, बाकावर तळहात फिरवला, आणि कान देऊन काहीतरी ऐकत राहिले. "इथे आवाजच नाही," ते अखेर म्हणाले, आणि त्यांचा आवाज त्या रिकाम्या वर्गात घुमला. "अशात झोप नाही का लागत?"

मामा त्यानंतरच्या सुट्टीला आला तो माझ्यासाठी नव्या चपला घेऊन. "पुलापलीकडच्या पोरी अशा घालतात," म्हणाला. पुढे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तो सांगायचा की माझी भाची कॉलेजात जाते, राज्यशास्त्र शिकते, आम्ही पहिल्यापासून पोरींच्या शिक्षणाच्या बाजूचे. नानांनी हे ऐकलं, आणि कधी नव्हे तो टोला मारला नाही.

पहिल्या वर्षी आम्हाला एक म्हातारे सर होते. त्यांचं गुजराती मला निम्मंच कळायचं, पण एक वाक्य पूर्ण कळलं. "दरेक विचारधारा पहेलां एक माणस धारी ले छे, पछी एने माटे राज्य बनावे छे." प्रत्येक विचारसरणी आधी एक माणूस गृहीत धरते, आणि मग त्याच्यासाठी राज्य बनवते. कोणी तो चांगला धरतं, कोणी लोभी धरतं. मला हसू आवरेना, कारण ते दोघेही आमच्या घरी शेवभाजी खात होते. मी हात वर केला आणि मोडक्या गुजरातीत विचारलं, सर, त्या माणसात मुलगी धरलेली असते का? वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "बेन, हिसाब तो त्यांज अटके छे." हिशेब तिथेच तर अडतो. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले, दीक्षित बाईंसारखी, मराठी शाळेत. पोरांना नागरिकशास्त्र शिकवताना ते वाक्य मी दरवर्षी सांगितलं, आणि दरवर्षी एखादी पोरगी मला तोच प्रश्न विचारेल म्हणून वाट पाहिली. कधी कधी विचारलाही.

नाना संच्यावरून उतरल्यावर त्यांचे कान जवळजवळ गेलेच. ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. गल्लीतली बरीच खाती तोवर लांब गेली होती, आणि उरलेल्या शांततेत त्यांना करमत नसे. एका दुपारी मी माहेरी गेले होते, माय बिबडे भाजत होती, आणि माझ्या मनात इतकी वर्षं अडून राहिलेली गोष्ट मी त्यांच्या कानाशी वाकून विचारली.

"नाना, त्या मॅडमच्या रजेचा अर्थ तुम्हाला आधीच माहीत होता ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच अजून वेडी.

"हयात सुरतेत गेली माझी," ते म्हणाले. "रजा माहीत नसायला काय झालं?"

"मग घरीच हो म्हणायचं होतं. एक दिवस मोडला नसता."

"नाही म्हणून बसलो होतो. तुझी माय बोलल्यावर मला दोन रात्री झोप आली नाही. पण गेलेला शब्द परत कसा घ्यायचा, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि समज, हो म्हटलं असतं. ज्यानं हो म्हटलं, तो उद्या नाही म्हणू शकतो. हक्क त्याच्याकडेच राहतो. उद्या बसला उशीर झाला, कोणी काही बोललं, की मी म्हटलं असतं, आता बस झालं. मला माझा भरवसा नव्हता, बेटा."

नाना, ज्यांचा जगातल्या सगळ्या माणसांवर भरवसा होता, असं म्हणाले. मायने भाजलेला बिबडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो मोडला, अर्धा मला दिला, आणि मायच्या भाषेत, खात्यातल्या त्या आवाजात म्हणाले,

"परवानगी देवाले तू मनी मालकीनी नव्हतीस. रजा मनी व्हती. ती दिधी."

समोरच्या ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाईने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. तिला वाटलं, बापलेकीचं भांडण चाललंय.